थोरल्या काकूची क्रोसिन

ती खोकल्याची कॉलर ट्यून आठवते का मंडळी? मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावा, आधी एक माणूस खोकणार आणि मग करोनापासून कसं वाचायचं ते सुरू होणार. पहिल्या दिवशी दचकायला झालं. दुसऱ्या दिवशी नीट ऐकली. आठवड्याभरात ती संपेपर्यंत फोन कानापासून लांब धरायची सवय लागली. मग अमिताभ बच्चनचा आवाज आला. जानेवारी २०२१ मध्ये तो गेला आणि लसीबद्दल सांगणाऱ्या बाईंचा आवाज आला. शिवाय टीव्ही, पेपर, घंटागाडीवरचा भोंगा, सोसायटीची लिफ्ट आणि आपला लाडका व्हॉट्सअ‍ॅप होताच. थोडक्यात काय, माहिती कमी पडली असं कुणी म्हणू शकणार नाही. हात वीस सेकंद धुवायचे हे चौथी शिकलेल्या माझ्या थोरल्या काकूला माझ्याआधी पाठ होतं.

आणि तरीही सप्टेंबर २०२० मध्ये, अंगात ताप असताना आणि तपासायला माणसं येणार हे कळल्यावर, तिने मुद्दाम क्रोसिन घेतली. बरं वाटावं म्हणून नव्हे. ताप सापडू नये म्हणून.

घरच्यांना ही गोष्ट माहीत आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. आमचं गाव साताऱ्याकडे. काका गेल्यापासून काकू एकटीच असते, मुलगा पनवेलला. घरात ती आणि एक म्हैस. दोन आळ्या सोडून आमची चुलतवहिनी राहते, ती गावची आशा. म्हणजे बाळंतिणी, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, सर्वेक्षणं ही सगळी कामं जिच्या अंगावर असतात आणि जिला पगार नसतो, मानधन असतं, ती. राज्य सरकारची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हा वहिनी आणि दोन स्वयंसेवक घरोघर फिरत होते. कपाळासमोर धरायची तापाची बंदूक, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि एक रजिस्टर.

काकूचा ताप निघाला नाही. निघणार कसा? बाकीचे पुढच्या घराकडे वळले. वहिनी मात्र थांबली, कारण काकू नेहमीसारखी बडबड करत नव्हती, चार शब्द बोलली की थांबत होती. "आत्याबाई, जरा बोट द्या बघू." काकूने हात पदराखाली घेतला. मग थोडी ओढाताण आणि बोट बाहेर. ऑक्सिजन नव्वदच्या खाली.

"गोळी खाल्ली हुती सकाळी," काकू म्हणाली. "तुमी येनार म्हनून."

यावर वहिनी ओरडू शकली असती. तेव्हा ओरडायची फॅशनच होती. लोक कसे अडाणी, कसे बेजबाबदार, यावर रोज संध्याकाळी टीव्हीवर चर्चा व्हायच्या. ती ओट्यावर, चार हात लांब, बसली आणि तिने विचारलं, "कशाची भीती वाटली?"

मग जे बाहेर आलं ते मी वहिनीकडून नंतर दोनतीनदा ऐकलंय. वरच्या आळीतल्या एकाला अँब्युलन्सने नेलं, तो परत आलाच नाही, आणि घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्याच्या घरासमोर बांबू बांधले. डेअरीवर त्या घरचं दूध पंधरा दिवस कुणी घेतलं नाही. मला नेलं तर कुठे नेणार? मुलाला कोण कळवणार? तिथे जेवण कुणाच्या हातचं? आणि सगळ्यात शेवटी, पण मला वाटतं खरं तर सगळ्यात आधी, म्हशीची धार कोण काढणार?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कॉलर ट्यूनमध्ये नव्हतं. पेपरातल्या जाहिरातीत नव्हतं, लिफ्टमधल्या पोस्टरवरही नव्हतं. तिथे होतं ते काकूने काय करावं. काकूला जाणून घ्यायचं होतं की तिचं काय होईल.

वहिनीने विषाणूचं नावसुद्धा काढलं नाही. तालुक्याच्या सेंटरवर ऑक्सिजन आहे, तिथे दोन नर्सा आपल्या ओळखीच्या आहेत, हे सांगितलं. गाडीत मी बसणार नाही पण मागून मोटरसायकलवर येईन. फोन तुमच्यापाशीच राहील, चार्जर मी आणते. म्हशीला माझा मुलगा सांभाळेल, दूध आमच्या नावावर घालू. बांबू बांधायचं थांबवणं माझ्या हातात नाही, ते बांधतील, पण दिवस संपले की मी उभी राहून सोडवीन. आणि मग तिने एक गोष्ट केली जी मला फार शहाणपणाची वाटते. त्याच महिन्यात बरी होऊन आलेल्या खालच्या आळीतल्या एका म्हातारीला फोन लावला आणि काकूच्या हातात दिला. त्या दोघींचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण फोन ठेवल्यावर काकू पिशवी भरायला उठली.

नऊ दिवसांनी परत आली. बारीक होऊन, पण चालत.

त्याच पंधरवड्यात गावातले एक निवृत्त गृहस्थ गेले. शिकलेले, रोज दोन पेपर वाचणारे, ग्रुपवर आकडे टाकणारे. सहा दिवस ताप अंगावर काढला, घरातल्यांना बाहेर बोलू दिलं नाही, आणि नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांना माहिती काकूपेक्षा कितीतरी जास्त होती. पण त्यांच्या ओट्यावर बसून 'कशाची भीती वाटतेय' हे कुणी विचारलं नव्हतं. वहिनीला ते अजून लागून राहिलंय. त्यांचं घर दुसऱ्या पथकाकडे होतं.

रोगराईच्या काळात लोकांशी बोलायचं कसं यावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. सोपी भाषा वापरा, चित्रं वापरा, अफवा खोडून काढा वगैरे. सगळं बरोबरच आहे. पण मला वाटतं 'खरं सांगितलं तर माझं काय होईल?' हा ऐकणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं काही आत शिरत नाही. उत्तर मिळालं नाही तर माणूस ते आजूबाजूला बघून स्वतःच काढतो. काकूने बांबू बघून काढलं होतं.

आपल्याकडे तर हा धडा सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि तोही माझ्या शहराने शिकवलेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण तिथे माणसं मारायला नेतात अशी बोलवा होती. मोमियाई काढतात असंही लोक म्हणायचे. आपण हसतो. पण हॉस्पिटलात गेलेली बहुतेक माणसं परत येत नव्हती हे लोकांना डोळ्यांनी दिसत होतं, आणि आत काय चालतं हे सांगणारं त्यांच्यातलं कुणी नव्हतं. रिकामी जागा राहिली की अफवा तिथे घर करते.

मग प्लेग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आला (हाच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला), रँड आला आणि मार्चमध्ये सोल्जरांनी घरझडत्या सुरू केल्या. रोगी दिसला की हॉस्पिटलात, घरचे सेग्रिगेशन कँपात, सामान जाळायला. शाळेत आपण हे सगळं २२ जूनच्या रात्रीपर्यंत पोहोचण्यासाठी भरभर वाचतो, गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या की धडा संपतो. चाफेकरांबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला त्यातलं दुसरंच एक वाक्य अडकून राहिलंय. लोकांनी आजारी माणसं लपवली. मयतं लपवली. घरातला ताप बाहेर कळू नये म्हणून पुण्याने जी धडपड केली तिला क्रोसिन नव्हती, एवढाच काय तो फरक.

आणि त्याच महिन्यात, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणलं असं सांगतात. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. सोल्जरही रोग्याला घरातून बाहेर काढत होते आणि सावित्रीबाईही काढत होत्या. लपवायचं कुणापासून आणि हाक कुणाला मारायची, हे लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता कुणी म्हणेल १८९७ चं सरकार परकं होतं. कबूल. २०२० चं आपलंच होतं आणि त्याची तुलना रँडशी करणं अन्यायाचं होईल. पण बघा, मार्च २०२० मध्ये घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. हेतू चांगला होता. झालं काय, तर शिक्का असलेल्या प्रवाशांना पालघरला रेल्वेतून उतरवलं, त्याची बातमी झाली, आणि ज्यांच्या हातावर अजून शिक्का नव्हता त्यांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पहिला रुग्ण निघाला तेव्हा कमिटीने लिफ्टमध्ये फ्लॅट नंबर आणि आडनावासकट नोटीस लावली. 'सर्वांनी काळजी घ्यावी' हे खाली बारीक अक्षरात. त्या घराचा पेपर बंद झाला, दूध खाली गेटवर ठेवायला लागले. त्यानंतर महिनाभर आमच्या सोसायटीत एकही रुग्ण 'निघाला' नाही. खोकल्याचे आवाज मात्र तीन मजल्यांवरून यायचे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काही जणांनी कागद काढला. कुणाला ताप आला तर फक्त या दोन नंबरांवर सांगा, नाव कुठेही लागणार नाही, भाजी आणि औषधं दारात मिळतील, कचरा आम्ही नेऊ. चार दिवसांत तीन फोन आले.

भीतीचं उलट रूपही पुण्याने पाहिलंय. ऑगस्ट २००९, स्वाइन फ्लू. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. आठवतंय ना? शाळा बंद, थिएटर बंद, मेडिकलच्या दुकानांत मास्क संपले, कापूर आणि निलगिरीच्या पुड्या रुमालात बांधून लोक फिरत होते. आणि नायडू हॉस्पिटलसमोर ती रांग! साधी सर्दी झालेले, काहीच न झालेले, लहान मुलांना कडेवर घेतलेले, सगळे खऱ्या रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभे. तेव्हा कुणी लपवत नव्हतं, कारण पकडून नेण्याची भीती नव्हती. भीती होती ती चुकून राहून जाण्याची. इथेही प्रश्न तोच होता, मी घरी थांबलो तर माझं काय होईल? सौम्य लक्षणं असणाऱ्याने तपासणीला न येता घरी थांबावं, कुठलं लक्षण दिसलं की निघावं, ही अ-ब-क गटांची विभागणी मग केंद्राकडून आली. ती उपयोगाची होती, कारण तिने माणसाला 'घाबरू नका' असं न म्हणता कधी घाबरायचं ते सांगितलं. 'घाबरू नका' या शब्दांनी आजवर कुणाची भीती गेली असेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, तारखेची. मास्कचा घोळ घ्या. सुरुवातीला निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत होती. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आपल्या आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला मास्क वापरायला सांगितलं, ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला, आणि संघटनेने सर्वांसाठी कापडी मास्क म्हणायला ५ जून उजाडला. २८ मार्चला याच संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. पुढे तिलाच ते बदलावं लागलं. तोवर आपण टोमॅटो सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो आणि खिडक्या मात्र बंद. (काका, तुमचे ते गरम पाण्याच्या वाफेचे फॉरवर्ड मी विसरलेलो नाही. :) )

शास्त्राचं मत बदललं याबद्दल माझी तक्रार नाही. नवा रोग म्हटला की ते बदलणारच. तक्रार आहे ती सांगण्याच्या सुराची. आज एक गोष्ट ठामपणे, महिन्याने उलटी गोष्ट तितक्याच ठामपणे. 'आजपर्यंत आम्हाला इतकं कळलंय, अमुक अजून कळलेलं नाही, तोवर हे करू या, बदललं तर सांगू' एवढी तीन ओळींची प्रस्तावना असती तर पुढचं लोकांनी समजून घेतलं असतं. आपल्याकडचा साधा फॅमिली डॉक्टर हे रोज करतो. 'तीन दिवस ही गोळी घ्या, नाही उतरला तर रक्त तपासू.' त्याला कुणी तू आधी खोटं बोललास म्हणत नाही.

आणि ते शब्द! 'सोशल डिस्टन्सिंग'चं 'सामाजिक अंतर' ज्या कुणी केलं त्याला या देशात सामाजिक अंतर म्हणजे काय हे खरंच आठवलं नसेल का? शतकानुशतकं ज्यांना लांब उभं केलं त्यांच्या वस्तीत जाऊन भोंग्यावर 'सामाजिक अंतर पाळा' सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती, आपल्याकडे मात्र जुनाच शब्द चिकटला. बाकी विलगीकरण, अलगीकरण, सहव्याधी, संस्थात्मक, लक्षणविरहित. वहिनी म्हणाली, प्रशिक्षणातल्या कागदावर हे शब्द वाचले आणि तिथेच ठेवून आले. गावात तिने 'सहव्याधी आहे का' कधीच विचारलं नाही, 'रोजची गोळी कशाची चालू आहे?' विचारलं. डब्यातून गोळ्यांची पाकिटंच बाहेर यायची.

तिच्याकडे एक चिठ्ठी असायची, सेंटरवर जाणाऱ्यांसाठी. चादर, ताट-वाटी, ब्रश, चष्मा, रोजच्या गोळ्या, चार्जर, मुलाचा नंबर मोठ्या अक्षरात. खाली एक रिकामी ओळ, 'घरचं कोण बघणार'. तिथे नाव लिहिल्याशिवाय ती माणसाला गाडीत बसवायची नाही. अशा कामाला मानधन किती, हे विचारायची सोय नव्हती. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना त्यासाठी संपावर जावं लागलं, वहिनीही गेली होती.

तोवर लसीचं काम आलं होतं. लसीला घाबरणं हेही काही नवं नाही. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि लोक पुढे येईनात तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर उघडपणे टोचून घेतली. आमच्या गावात आगाखान नव्हते, पण डेअरीचे चेअरमन होते. वहिनीने पहिल्या दिवशी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं बसवलं. वरून गोंधळ होताच. दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. नोंदणीचं पोर्टल जूनपर्यंत मराठीत नव्हतं, आणि शहरातली पोरं मोबाइलवर स्लॉट पकडून गाड्या घेऊन गावात लस घ्यायला यायची. लोकांनी याबद्दल वहिनीलाच बोल लावले.

पण एक गोष्ट तिने पहिल्यापासून धरून ठेवली होती. लस काही करत नाही, असं ती कुणालाही म्हणाली नाही. दंड दुखेल, रात्री अंग मोडून येईल, एक-दोन दिवस ताप येईल, तेव्हा भांगलणीच्या आदल्या दिवशी घेऊ नका, गोळी ही घ्या, तिसऱ्या दिवशीही ताप राहिला तर मला बोलवा. शेजारच्या गावात 'काही होत नाही' सांगून टोचलं होतं, आणि ताप आल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे कुणी फिरकलं नाही. आमच्याकडे ताप आला की बाया वहिनीच्या दारात यायच्या. "तू म्हनलीस तसाच आला बघ," एवढं सांगायला. आणि मग लस राहिलेल्या सासूचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायला लावायच्या.